आवडीचे फास्ट फूड घरी करताना : हाती मोजण्याचा चमचा असू द्या

नूडल्स, पावभाजी, वडापाव, मोमो हे पदार्थ आज देशाच्या बहुतेक भागांत मिळतात व सर्व वयोगटांत आवडीने खाल्ले जातात. ही आवड मोडून काढण्याची आवश्यकता नाही. मात्र अशा पदार्थांतून मीठ, साखर व स्निग्ध पदार्थ वारंवार व अधिक प्रमाणात पोटात गेल्यास उच्च रक्तदाब, स्थूलता, मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो. उच्च रक्तदाबाची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. अनेकांच्या बाबतीत तो हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाल्यानंतरच उघडकीस येतो.

घरी केलेला प्रत्येक पदार्थ आपोआप आरोग्यदायी ठरत नाही. तेल, लोणी व मीठ बाजारातल्याइतकेच घातले, तर केवळ चूल बदलते. घरी करण्याचा खरा लाभ असा की, कढईत काय व किती पडते हे आपण ठरवू शकता.

आधी माप जाणून घ्या

• मीठ : प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी मीठ खावे. पाव, लोणचे, पापड व सॉस यांतील मीठही यातच मोजावे.
• सोडियम : वेष्टनावर सोडियमचा आकडा असल्यास त्यास २.५ ने गुणावे. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ.
• सोया सॉस : एका मोठ्या चमच्यात (१५ मिली) साधारणतः २ ते २.५ ग्रॅम मीठ असते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा जवळपास निम्मा वाटा.
• तेल : चहाच्या एका चमच्यातून (५ मिली) सुमारे ४० किलोकॅलरी ऊर्जा मिळते.

तीन पदार्थ, चार व्यक्तींसाठी

पावभाजी : बटाटे २५० ग्रॅम, फुलकोबी २५० ग्रॅम, टोमॅटो ३०० ग्रॅम आणि गाजर, मटार व ढोबळी मिरची प्रत्येकी १०० ग्रॅम घ्यावे. रंगासाठी बीटाची एक फोड भाज्यांसोबत शिजवावी. कृत्रिम रंग घालू नये. फोडणीस ४ चमचे तेल व शेवटी २ चमचे लोणी पुरते. मीठ पाऊण चमचा घालावे. लोणी खारवलेले असल्यास त्याहून कमी. पाव कोरड्या तव्यावर शेकावेत. वाढताना लिंबू, कांदा व कोथिंबीर सढळ हाताने द्यावी, म्हणजे मीठ कमी असल्याचे जाणवत नाही.

नूडल्स : २०० ग्रॅम कोरड्या नूडल्सना ६०० ग्रॅम भाज्या, म्हणजे कोबी, गाजर, फरसबी व ढोबळी मिरची, असे प्रमाण ठेवावे. सोबत अंडी किंवा पनीर घ्यावे. तेल ४ चमचे. सोया सॉस एक मोठा चमचा घातल्यास वेगळे मीठ घालू नये. आले, लसूण, व्हिनेगर व कांद्याची पात यांनी चव खुलते.

बटाटेवडा : नेहमीचे सारण बेसनाच्या पिठात बुडवून आप्पेपात्रात करावे. प्रत्येक खळग्यात तेलाचे काही थेंब पुरतात. झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावे.

तळणे टाळता येत नसेल तर

तेल पुरेसे तापल्यावरच पदार्थ सोडावा. कमी तापलेल्या तेलात तो अधिक तेल शोषतो. वनस्पती तूप वापरू नये. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. काळे पडलेले, फेसाळणारे किंवा उग्र वासाचे तेल फेकून द्यावे, परंतु मोरीत ओतू नये.

विशेष काळजी

• एक वर्षाखालील बालकांच्या अन्नात मीठ व साखर घालू नये.
• कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये.
• मधुमेहींनी पाव व नूडल्स यांचे प्रमाण मर्यादित ठेवावे. गोड सॉस व शीतपेये टाळावीत.

कमी मिठाची चव पहिल्या दिवशी फिकी वाटू शकते. म्हणून मीठ एकदम न तोडता दर आठवड्यास थोडे कमी करावे; काही आठवड्यांत जिभेला त्याची सवय होते. भाज्या निवडणे व चमच्याने माप घेणे ही कामे मुलांवर सोपवावीत. लहानपणी लागलेली चव पुढे दीर्घकाळ टिकते.

आपले वय ३० वर्षे किंवा अधिक असल्यास जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व रक्तशर्करेची तपासणी करून घ्यावी, आणि घरातील इतरांनाही सोबत न्यावे.