गोळी, घोटभर पाणी आणि अन्ननलिकेचा व्रण

छातीच्या मध्यभागी एकाएकी दाह आणि घोट गिळताना तीव्र वेदना घेऊन रुग्ण आला, तर अम्लपित्त समजून सूतशेखर देण्यापूर्वी आम्ही एक प्रश्न अवश्य विचारतो : गेल्या दोन-चार दिवसांत कोणती गोळी, केव्हा व किती पाण्यासह घेतली? डॉक्सिसायक्लिन, लोह व पोटॅशियम क्लोराइडच्या गोळ्या, वेदनाशामके आणि हाडांच्या ठिसूळपणावरील अ‍ॅलेंड्रोनेट ही यातील नेहमीची कारणे होत. महाधमनीच्या कमानीजवळ अन्ननलिका किंचित दबलेली असते. जिलेटिनची कॅप्सूल तेथे चिकटून विरघळते व डॉक्सिसायक्लिनचे आम्लधर्मी द्रावण श्लेष्मल त्वचेवर व्रण करते. निद्रेत लाळ व गिळण्याची क्रिया मंदावत असल्याने झोपतेवेळची मात्रा अधिक घातक ठरते. शार्ङ्गधरांनी रात्र हा औषधकाल सांगितला आहे खरा. पण त्याचा अर्थ अंथरुणावर आडवे होऊन गोळी गिळणे असा नव्हे. आपल्या गुग्गुळकल्पांच्या कॅप्सूलबाबतही हीच दक्षता बाळगावी. औषधविक्रेत्यांनी पुडीवर ‘पेलाभर पाण्यासह, बसून; नंतर अर्धा तास आडवे होऊ नये’ एवढे लिहून द्यावे. मूळ चिकित्सकाशी बोलून ते औषध थांबविल्यास बहुतेक व्रण काही दिवस ते काही आठवड्यांत भरून येतात. रक्ताची उलटी झाल्यास अथवा पाणीही गिळवत नसल्यास रुग्णास दुर्बिणीद्वारे तपासणीसाठी तत्काळ पाठवावे.