सोनोग्राफीचा रिपोर्ट कसा वाचावा?

गरोदर स्त्रीच्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट पडला की घरातला प्रत्येकजण तो उलटसुलट करून पाहतो. आकडे आणि इंग्रजी शब्द पाहून काहीजण उगीच घाबरतात, तर काहीजण घाबरण्याजोगी गोष्टही दुर्लक्षून टाकतात. माझ्या दवाखान्यात सोलापूर शहरातून, तसेच बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडून येणाऱ्या भगिनी जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे आज पाहू.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडतात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटते. योग्य कारणासाठी केलेल्या या तपासणीने बाळाला इजा झाल्याचे आढळलेले नाही.

आठवडे आणि तारीख

रिपोर्टमधले आठवडे गर्भ राहिल्या दिवसापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे गर्भाचे खरे वय लिहिलेल्या आठवड्यांपेक्षा साधारण दोन आठवड्यांनी कमी असते. हे ठाऊक नसल्याने नव्या सुनेचा रिपोर्ट पाहून 'लग्नाला सहा आठवडे झाले आणि गर्भ आठ आठवड्यांचा कसा?' अशी शंका घेतली जाते. माझ्यासमोर अशा कारणाने मुली रडल्या आहेत. वाचकहो, हा केवळ मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे. त्यात संशयाला जागा नाही.

प्रसूतीची तारीख काढण्यासाठी पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवतात. पाळी 10 जूनला आली असेल तर तारीख 17 मार्च येते. पुढे प्रत्येक रिपोर्टवर वेगळी तारीख दिसते आणि घरचे गोंधळतात. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळे जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, म्हणून तेव्हाची तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर असते. शेवटच्या महिन्यांत कुणी अंगाने भरलेले, कुणी बारीक असते, म्हणून तेव्हाच्या मापावरून काढलेली तारीख दोन-तीन आठवडेही चुकू शकते. यासाठी पहिल्या सोनोग्राफीत नक्की झालेली तारीख शेवटपर्यंत धरावी.

मापे आणि वजन

बीपीडी आणि एचसी ही डोक्याची मापे, एसी पोटाचा घेर आणि एफएल मांडीच्या हाडाची लांबी. या चारांवरून वजनाचा अंदाज बांधतात. हा अंदाजच असतो, तागडीतले वजन नव्हे. 3 किलो लिहिले असेल तर बाळ 2 किलो 600 ग्रॅमचे किंवा 3 किलो 400 ग्रॅमचेही निघू शकते. एका आकड्यापेक्षा दोन तपासण्यांच्या मध्ये बाळ किती वाढले हे महत्त्वाचे. वाढ कमी असल्यास रक्तक्षय, रक्तदाब तपासावा. मिसरी किंवा तंबाखूची सवय असेल तर ती न लाजता डॉक्टरांना सांगावी आणि सोडावी. तिने बाळाचे वजन घटते. हृदयाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असणे ठीक.

वार, नाळ आणि गर्भजल

वार पुढे आहे की मागे, यात काही दोष नाही. 'वार खाली आहे' असे पाचव्या महिन्यात लिहिले असेल तर धीर धरावा. गर्भाशय वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते. साधारण 32 आठवड्यांना पुन्हा पाहावे. तेव्हाही ती गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर प्रसूती सिझेरियननेच आणि मोठ्या रुग्णालयातच करावी लागते.

'नाळेचा वेढा गळ्याभोवती' हे वाक्य वाचून सर्वात जास्त घबराट होते. असा वेढा चार-पाच बाळांमागे एकाला असतो आणि त्यातल्या बहुतेकांचा जन्म सुखरूप होतो. केवळ तेवढ्यासाठी सिझेरियन लागत नाही.

गर्भजलाचा निर्देशांक सर्वसाधारणपणे 5 ते 25 सेंटिमीटर असतो. तो 5 पेक्षा कमी असेल तर मात्र 'पाणी भरपूर पी' एवढ्यावर थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. बाळ पायाळू किंवा आडवे असेल तर सातव्या महिन्यात काळजी नको, बरीच बाळे पुढे आपोआप डोके खाली करतात. 36 आठवड्यांनंतरही तसेच असेल तर प्रसूती कुठे व कशी करायची हे आधीच ठरवावे.

जे रिपोर्टमध्ये नसते

18 ते 20 आठवड्यांची तपासणी बाळाच्या अवयवांसाठी महत्त्वाची असते. पण 'नॉर्मल' याचा अर्थ त्या दिवशी जे दिसू शकले ते ठीक होते एवढाच. प्रत्येक दोष सोनोग्राफीत दिसत नाही.

मुलगा की मुलगी, हे रिपोर्टमध्ये नसते आणि विचारूही नये. महाराष्ट्राने 1988 मध्येच याविरुद्ध कायदा केला. देशाचा कायदा 1994 मध्ये झाला, 1996 पासून लागू झाला आणि 2003 मध्ये अधिक कडक झाला. सांगणे हा गुन्हा आहे, तसेच सांगायला लावणेही.

शेवटी दोन गोष्टी. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी वाटणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर कालचा रिपोर्ट चांगला होता म्हणून घरी थांबू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि तडक रुग्णालय गाठावे. दुसरे असे, की आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते आणि रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतात. मग रात्री कळा सुरू झाल्यावर नव्या डॉक्टरांना तारीख ठाऊक नसते, वारेची जागा ठाऊक नसते. पहिल्यापासूनचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत लावावेत आणि ती पिशवी मुलीबरोबरच द्यावी.