शरीराचं ड्रॉइंग कसं वाचायचं?

ड्रॉइंग शीटवर आपण आधी रेफरन्स लाइन मारतो, मगच व्ह्यू काढतो. डॉक्टरांचंही तसंच. त्यांचा रेफरन्स म्हणजे 'ॲनाटॉमिकल पोझिशन': माणूस ताठ उभा, नजर समोर, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे. पेशंट पालथा झोपलेला असला तरी वर्णन याच स्थितीवरून करायचं.

आता शब्द पाहू. डोक्याकडचं ते सुपीरियर, पायाकडचं इन्फीरियर. पुढचं अँटिरियर, पाठीकडचं पोस्टिरियर. मध्यरेषेजवळचं मीडियल, लांबचं लॅटरल. म्हणून अंगठा लॅटरल आणि करंगळी मीडियल. हातापायांत धडाजवळचं प्रॉक्सिमल, लांबचं डिस्टल. म्हणजे मनगटापेक्षा कोपर प्रॉक्सिमल.

सेक्शन मुख्यतः तीन. सॅजिटल प्लेन डावा-उजवा भाग करतं, कोरोनल पुढचा-मागचा, ट्रान्सव्हर्स वरचा-खालचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डावं-उजवं नेहमी पेशंटचं, बघणाऱ्याचं नाही. सीटी स्कॅनचं ट्रान्सव्हर्स चित्र पायांकडून बघितल्यासारखं मांडतात, त्यामुळे उजवीकडचं यकृत आपल्याला डावीकडे दिसतं. इथे गल्लत झाली तर चांगल्याच गुडघ्यावर ऑपरेशन व्हायचं! म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सर्जरी चेकलिस्टमध्ये भूल देण्याआधीच विचारतात, ऑपरेशनच्या जागेवर खूण केली का?

तेव्हा मॅचमध्ये रूममेट पडला आणि १०८ ला फोन लावला, तर नुसतं "पायाला लागलंय" म्हणू नका. "त्याचा उजवा पाय, गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला" असं सांगा. लॅटिन नाही आलं तरी चालेल, बाजू चुकायला नको.