प्राथमिक वर्गातील अंकज्ञान आणि आपली घरे

येत्या सत्रात सिमरोल येथील प्राथमिक वर्गांत आपली बालके कोणते अंकज्ञान मिळवतील, हे व्यापारी कुटुंबांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. २०२१ साली आरंभिलेल्या 'निपुण भारत' योजनेनुसार पहिलीत ९९, दुसरीत ९९९ व तिसरीत ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे अपेक्षित आहे.

हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मराठी बालकापुढे मात्र एक निराळी अडचण उभी राहते. ८९ या संख्येस आपण घरी 'एकोणनव्वद', म्हणजे नव्वदास एक उणा, असे म्हणतो. शाळेत तीच संख्या 'नवासी', म्हणजे ऐंशी आणि नऊ, होते. येथे बालक अडखळले तर त्यास मंदबुद्धी समजणे हा अन्याय होय.

उपाय आपल्या गल्ल्यातच आहे. दहा रुपयांच्या आठ नोटा व रुपयाची नऊ नाणी त्याच्यापुढे मांडावी. त्यांत आणखी एक नाणे घालून नव्वद करावे, आणि पुन्हा ते काढून घ्यावे. रक्कम एकच, नावे दोन, हे त्यास आपोआप उमगेल. शाळेच्या हिंदीसाठी घरातील मराठी सोडण्याचे मुळीच कारण नाही. दोन्ही भाषांत अचूक मोजणारे मूल उद्या पेढीचा हिशेबही चोख ठेवील, असा आमचा विश्वास आहे.