कासवाचे खाणेपिणे

कासव म्हटले की सशाची शर्यत आठवते. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासवही असते. पण खरे कासव खाते काय नि पिते काय, हे थोड्याच जणांना ठाऊक असते. गुरुजींनी सांगितलेले व मी वाचून जमवलेले इथे देत आहे.

कासवे मुख्यतः दोन तऱ्हेची. विहिरीत, ओढ्यात राहते ते पाण्याचे. त्याच्या बोटांमध्ये पडदा असतो. ते मासे, बेडूक, गोगलगाई, किडे नि पाणवनस्पती खाते. दुसरे जमिनीवरचे. त्याचे पाय बघा, अगदी हत्तीसारखे! गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळावर व दक्षिणेत सापडणारे स्टार कासव या जातीचे. त्याच्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असतात.

आहार : जमिनीवरचे कासव गवत, पाला, फुले, गळालेली फळे खाते. त्याला दात नसतात. पोपटाच्या चोचीसारख्या कडक तोंडाने ते गवत तोडते. कवच टणक राहायला पाल्यातले कॅल्शियम लागते, आणि ते अंगी लागायला ऊन लागते. भात, भाकरी, दूध हे काही त्याचे अन्न नव्हे.

नेपोलियनला जिथे कैदेत ठेवले होते, त्या सेंट हेलेना बेटावर १८८२ साली जोनाथन नावाचे मोठे कासव आणले. ते गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारात राहू लागले. म्हातारपणी त्याची नजर गेली, वासही येईना. चोच बोथट झाल्यामुळे गवत नीट तुटेना नि ते वाळत चालले. मग जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला आठवड्यातून एकदा कोबी, गाजर, काकडी, सफरचंद, केळी हाताने भरवायला सुरुवात केली. काय आश्चर्य! त्याचे वजन वाढले, चोचीला पुन्हा धार आली.

पाणी : जमिनीवरच्या कासवाला बरेचसे पाणी ओल्या पाल्यातून मिळते. डबक्यात मान खाली घालून ते पाणीही पिते. पण त्याला पोहता येत नाही. खोल पाण्यात ते बुडून मरते. अमेरिकेतल्या वाळवंटातले कासव मूत्राशयात पाणी साठवते. कुणी उचलले की ते भिऊन मुतते. साठा गेला, की ऐन उन्हाळ्यात ते तहानेने मरूही शकते. म्हणून रानात दिसलेल्या कासवाला हात लावू नये.

माझ्या मामाच्या गावी एका घरात लक्ष्मी येते म्हणून स्टार कासव आणले होते. ते पाण्याच्या टबात, घरात अंधारात ठेवायचे. खायला भात नि चपातीचे तुकडे. थोड्या महिन्यांत त्याची पाठ मऊ पडली, डोळे सुजले. शेवटी वनखात्याची माणसे येऊन त्याला घेऊन गेली. लक्ष्मी काही आली नाही. बिचारे कासव मात्र ओरडू शकत नाही, म्हणून त्याचे दुखणे कुणाला कळले नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडची रानटी कासवे पकडणे, विकणे, घरी ठेवणे हा गुन्हा आहे. भित्तिपत्रक वाचणाऱ्या पालकांनाही माझी विनंती आहे. बाजारात कुणी कासव विकत असेल तर घेऊ नका, वनखात्याला कळवा. त्याला हवा असलेला पाला, ऊन नि पाणी त्याच्या माळावर असते. आपल्या टबात ते नसते.

— इयत्ता ६ वी