मूत्रल औषध आणि मूत्रपिंडाची परीक्षा

मूत्रल औषध म्हणजे लघवी वाढविणारे औषध. पायांवर सूज आली की डॉक्टर ते देतात. ‘लॅसिक्स’ या नावाने मिळणारे फ्युरोसेमाइड हे त्यांपैकीच एक. परंतु हे औषध केवळ उपचारासाठी नसून मूत्रपिंडाची परीक्षा घेण्यासाठीही वापरता येते. ही परीक्षा कशी घेतात, ते येथे पाहू.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी जमाखर्च शिकतो. शरीरात आम्लाचाही असाच जमाखर्च चालू असतो. मिश्र आहार घेणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीरात वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १ मिलिइक्विव्हॅलंट आम्ल जमा होते. ते खर्ची टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे. रक्ताचा सामू, म्हणजेच पीएच, ७.४ च्या आसपास असतो. लघवीचा सामू निरोगी मूत्रपिंड ५.३ च्याही खाली नेऊ शकते. सामू एक अंकाने उतरला की आम्लता दसपट होते. म्हणजे अशी लघवी रक्ताच्या सव्वाशे पटींहून अधिक आम्ल असते.

हे काम मूत्रनलिकेच्या शेवटच्या भागात पुरे होते. तोच भाग बिघडला, तर आम्ल अंगात साठते. मुलांना मुडदूस होतो, त्यांची वाढ खुंटते. मूत्रपिंडात कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होतात. रक्तातील पोटॅशियम घटून हातपाय लुळे पडू शकतात. रक्तातच आम्लता स्पष्ट दिसली, तर निदान फार अवघड नसते. अडचण येते ती अर्धवट बिघाडात. तेथे रक्त निर्दोष दिसते, मुतखडे मात्र पुन्हा पुन्हा होत राहतात.

अशा वेळी मूत्रपिंडाला मुद्दाम कामास लावून पाहावे लागते. १९५९ साली इंग्लंडमध्ये राँग आणि डेव्हिस यांनी यासाठी अमोनियम क्लोराइडची चाचणी मांडली. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला कल्हईवाल्याचा नवसागर. वजनाच्या दर किलोस ०.१ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६ ग्रॅम, पोटात द्यायचा आणि पुढे कित्येक तास लघवी तपासायची. चाचणी खात्रीची, पण रोग्याला मळमळते, पुष्कळदा वांती होते आणि चाचणी अर्धवट राहते.

२००७ साली वॉल्श, शर्ली, राँग आणि अनविन यांनी सोपा पर्याय प्रसिद्ध केला. फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन १ मिलिग्रॅम एकाच वेळी द्यायचे. या संशोधकांत राँग यांचेही नाव आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे: स्वतःच्या चाचणीला पर्याय शोधण्यात त्यांचाच हात होता.

औषध नलिकेच्या एका भागावर चालते आणि परीक्षा होते पुढच्या भागाची, ती कशी? बुऱ्हाणपूरकरांना कुंडी भंडारा आठवला की हे चटकन समजेल. १६१५ सालच्या त्या योजनेत सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून एका कुंडीतून दुसरीकडे येते; वर काही केले की त्याचा परिणाम खाली उमटतो. फ्युरोसेमाइड नलिकेच्या वरच्या भागात सोडियमचे शोषण अडविते. ते जादा सोडियम शेवटच्या भागात पोहोचते. तेथे फ्लुड्रोकॉर्टिसोन ते शोषून घेण्यास चालना देते. सोडियमचा धन भार आत गेल्याने नलिकेची पोकळी ऋण भारित होते आणि हायड्रोजन आयन तिकडे ओढले जातात. निरोगी माणसाची लघवी मग तीन-चार तासांत ५.३ च्या खाली उतरते. बिघाड असेल तर उतरत नाही.

तरीही काही पथ्ये पाळावी लागतात. सकाळच्या पहिल्या लघवीचा सामूच ५.३ च्या खाली असेल, तर चाचणीची गरज सहसा उरत नाही. पोटॅशियम कमी असेल तर ते आधी भरून काढावे लागते, कारण ही औषधे ते आणखी घटवितात. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असेल तर सामू फसवा येऊ शकतो. लघवी ५.३ च्या खाली उतरली, तर बिघाड नाही असे बहुधा धरता येते. उतरली नाही, तर मात्र नवसागराच्या चाचणीने खात्री करून घेणे बरे. अर्थात हे सारे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायचे. घरी करून पाहण्याचा हा प्रयोग नव्हे.

एवढा खटाटोप कशासाठी? निदान झाले तर उपाय स्वस्त आहे. पोटॅशियम सायट्रेट किंवा खाण्याचा सोडा डॉक्टरांनी ठरविलेल्या मापाने नियमित घेतला, तर मुलाची हाडे सावरतात, वाढ पुन्हा मार्गी लागते आणि खडे होण्याचे प्रमाण कमी होते. निदान राहून गेले, तर तोच रोगी खडे काढून घेत वर्षानुवर्षे दवाखान्याच्या पायऱ्या झिजवीत राहतो.