सोसायटीच्या कॉम्प्युटरला राखणदार कोणता घ्यावा?



पूर्वी सोसायटीचे दफ्तर लोखंडी कपाटात असे आणि किल्ली सचिवांच्या खिशात. आता पाथरी, सेलू काय नि पालम, सोनपेठ काय, कारभार संगणकावर आला किंवा येतो आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. आपले पीककर्ज, ऊस बिलातून झालेली कपात, खाते नंबर हे सारे चार-पाच यंत्रांत असते. ती इंटरनेटला जोडली की साऱ्या जगाची वाट आपल्या दारावरून जाते. त्या दारावर बसवायच्या पेटीला फायरवॉल म्हणतात. तिचे कोटेशन पंचकमिटीपुढे आले तर काय विचारावे, एवढ्यापुरता हा पाठ.

कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांपुढे आणा. ज्याला आतून बोलावणे गेले तोच आत, आगंतुक बाहेर. फायरवॉलचे मूळ काम हेच, आणि तेवढे साधा राउटरही बऱ्यापैकी करतो. मग वेगळी पेटी कशाला? तर ताडपत्रीसाठी. स्टोअरचा माल घेऊन ट्रक आला तर वॉचमनला नंबर दिसतो, ताडपत्रीखाली काय आहे ते दिसत नाही. आज इंटरनेटवरचा बहुतेक माल असाच झाकून येतो. चांगली पेटी ताडपत्री उचलून बघते; पण प्रत्येक ट्रक उघडायचा म्हटला की रांग लागणारच.

विक्रेता नेमका इथेच मोठा आकडा दाखवतो. फोर्टिनेटच्या ४०एफ या लहान पेटीचे माहितीपत्रक पाहा. वेग ५ गिगाबिट लिहिला आहे. धोक्याच्या तपासण्या सुरू केल्या की तो ६०० मेगाबिट, आणि झाकलेला माल उघडून पाहायचा तर ३१०. आपली लाइन १०० मेगाबिटची असेल तर हेही भरपूर झाले. तेव्हा पहिला आकडा सोडा, शेवटचा विचारा.

दुसरी गोष्ट पैशाची. पेटी एकदा विकत मिळते, पण नव्या चोरांची यादी तिला रोज लागते आणि त्याचे लायसन दरवर्षी भरावे लागते. ते संपले तरी पेटीचे दिवे लुकलुकतच राहतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पाच वर्षांचा एकूण खर्च लिहून मागावा. पीएफसेन्ससारखी मोफत प्रणाली साध्या कॉम्प्युटरवरही चालते. मात्र बिघडली तर परभणीहून कोण येणार, ते आधी ठरवा.

आमच्या मते सर्वांत मोठा धोका पेटीत नसून सवलतीत आहे. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, "साहेब, एक पोर्ट उघडा ठेवा, लांबूनच दुरुस्त करतो." त्याची फेरी वाचते, पण दार रात्रंदिवस उघडे राहते. त्याला व्हीपीएनमधूनच येऊ द्यावे, तेही काम असेल तेव्हाच.

आणि आतल्या खोल्यांनाही कड्या हव्यात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी बनावट यंत्रणा उभी केली आणि २८ देशांतून रोकड काढली. एवढी मोठी बँक, तिची ही गत. आपले तर चारच कॉम्प्युटर. म्हणून हिशेबाची यंत्रे एका जाळ्यात आणि पाहुण्यांचे वायफाय, कॅमेरे दुसऱ्या जाळ्यात ठेवता येतील अशीच पेटी घ्यावी.

नोंदवहीचेही विचारा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार नोंदी १८० दिवस जपायच्या आणि घातपात कळल्यापासून ६ तासांत कळवायचे. पुष्कळ लहान पेट्यांत नोंदी साठवायला जागाच नसते, ती वेगळी करावी लागते.

लाइट जाते-येते, तेव्हा यूपीएस आणि अर्थिंग हवेच. फोनवर कुणी ओटीपी मागितला आणि आपण दिला, तर तिथे ही पेटी काही करू शकत नाही. अशा वेळी लगेच १९३० ला फोन लावावा.

पेटी बसली की कंपनीचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलून घ्यावा. नवा पासवर्ड सीलबंद पाकिटात चेअरमनांकडे ठेवावा, आणि सचिव बदलले की तोही बदलावा.